इंजिन बंद केलंत, आता पार्ट नंबर तरी खुले करा

प्रति,
1.3 लिटर मल्टीजेट डिझेल इंजिन आपल्या गाड्यांत बसवून भारतात विकलेल्या सर्व कंपन्यांचे सुटे भाग विभाग

प्रत माहितीसाठी: ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार

स.न.वि.वि.

कराडला माझं चारचाकीचं गॅरेज आहे. आमच्याकडे ज्या जुन्या डिझेल गाड्या येतात, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या बॉनेटखाली एकच इंजिन असतं. बिल्ला वेगळा आणि नाव वेगळं, एवढंच. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटांनी क्वाड्राजेट, शेव्हर्लेने स्मार्टेक आणि मूळ मालक फियाटने मल्टीजेट. प्रीमियरच्या रिओमध्येही तेच होतं. 1248 सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, कॉमन रेल. म्हणूनच हे पत्र एका कंपनीला न लिहिता तुम्हा सगळ्यांना मिळून लिहितोय. इंजिन सगळ्यांचं एक होतं, आणि आज त्याच्या सुट्या मालाची जी ओढाताण चालली आहे ती कोणा एकट्याने सुटणारी नाही.

हे इंजिन 2003 मध्ये पोलंडमधल्या बिएल्स्को-बियावाच्या कारखान्यातून बाहेर पडायला लागलं. 2005 मध्ये 1 ते 1.4 लिटरच्या गटात त्याला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाला. 2007 च्या सुरुवातीला स्विफ्टमधून ते आपल्याकडे आलं. तेव्हा ते मानेसरला बनत होतं, आणि पुढे पुण्याजवळच्या रांजणगावातही बनू लागलं. डिझेल त्या काळात पेट्रोलपेक्षा चांगलंच स्वस्त होतं. शेतकरी, शिक्षक, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, टुरिस्टवाले, सगळ्यांनी या गाड्या घेतल्या. इंजिनाने त्यांना दगा दिला नाही. वेळेवर ऑइल बदललेलं मल्टीजेट तीन लाख किलोमीटर चालल्यावरही हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, न उघडता पळताना मी पाहिलं आहे. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्याच सुमारास आपल्याकडे या इंजिनाचा प्रवास संपला.

इंजिन बंद करणं हा तुमचा निर्णय होता. लहान डिझेल इंजिनाला बीएस-6 ची सगळी यंत्रणा जोडायची तर गाडीची किंमत कुठे जाते, ते आम्हालाही कळतं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर काउंटरवर जे घडतं त्याची.

एक उदाहरण नीट सांगतो. गाडी कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण तुमच्यापैकी कोणाच्याही गाडीबाबत हे घडू शकलं असतं. एका निवृत्त शिक्षकांची गाडी आली. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत तपकिरी, चिकट थर साचलेला. आधी कोणीतरी त्यांना हेड पॅकिंग गेलंय, हेड उतरवावं लागेल असं सांगून घाबरवलं होतं. कॉम्प्रेशन पाहिलं तर चारही सिलिंडर एकसारखे. इंजिन चालू ठेवून टाकीत पाहिलं तर बुडबुडा नाही. म्हणजे हेडचा प्रश्न नव्हता, ऑइल कूलरचा होता. या इंजिनात ऑइल फिल्टरचं अॅल्युमिनियमचं हाउसिंग असतं आणि त्याच्या अंगालाच पातळ पत्र्यांच्या थरांचा छोटा कूलर बोल्टांनी आवळलेला असतो. एका वाटेने ऑइल जातं, दुसरीने कूलंट, आणि दोघांच्या मध्ये असतं ते फक्त रबरी सील. वर्षानुवर्षं गरम ऑइलात राहून ते रबर कडक होतं, चपटं पडतं, त्याचा ताण निघून जातो. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, म्हणून ऑइल कूलंटमध्ये उतरतं. कूलर सोडवून सील नखाने उचललं तर त्याचा तुकडाच पडला. हाउसिंग ठणठणीत, कूलर ठणठणीत, बोल्टांचे आटे ठणठणीत. गेलं होतं फक्त तळहातावर मावणारं रबर.

काउंटरवर चौकशी केली. सील सुटं येत नाही, पूर्ण असेंब्ली (हाउसिंग-कूलरसकट सगळा जोड) घ्या, असं उत्तर मिळालं. असेंब्लीचा नंबर टाकला तर तो नंबर बंद झालेला, आणि पर्यायी नंबर नाही. तिथल्या मुलाचा काहीच दोष नव्हता. त्याच्या पडद्यावर जे दिसलं ते त्याने सांगितलं.

योगायोगाने त्याच आठवड्यात दुसऱ्या बिल्ल्याची, पण याच इंजिनाची गाडी गॅरेजात होती. दोन्ही हाउसिंग शेजारी ठेवली. ओतकामातच उठलेला पुरवठादाराचा शिक्का एकच, आकडा एकच. व्हर्नियरने सीलची खाच मापली, बोल्टांच्या भोकांमधलं अंतर मापलं, सगळं जुळलं. त्या दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर माल होता. वेगळा डबा, वेगळा नंबर, आत तोच भाग. शिक्षकांची गाडी रस्त्याला लागली. पण ती दुसरी गाडी त्या वेळी माझ्याकडे नसती तर? गडहिंग्लजला किंवा उदगीरला एकट्याने काम करणाऱ्या मेस्त्रीने हे कसं शोधायचं? तो गिऱ्हाइकाला सांगणार की माल बंद झालाय, गाडी काढून टाका. आणि उत्तम स्थितीतलं इंजिन एका रबरासाठी भंगारात जाणार.

तुमच्याकडे माझी पहिली आणि सगळ्यात मोठी मागणी यातूनच येते. या इंजिनाच्या प्रत्येक भागाचे सर्व कंपन्यांचे नंबर एका तक्त्यात जाहीर करा. मूळ पुरवठादाराचा नंबर, फियाटचा नंबर, मारुतीचा, टाटांचा, शेव्हर्लेचा, सगळे एका ओळीत. यात नवीन साचा लागत नाही, कारखाना लागत नाही, गोदाम लागत नाही. ही माहिती तुमच्या खरेदी विभागांत आज पडून आहे.

हा तक्ता आम्ही मेस्त्री आपापसांत तोंडी चालवतोच. कोणाचा वॉटर पंप कोणाला चालतो, कोणाचं हेड पॅकिंग कोणाला बसतं, हे फोनवर विचारलं जातं. पण तोंडी माहितीला मर्यादा असते, कारण सगळं काही एकसारखं नाही. 75 पीएसच्या इंजिनात साधा टर्बो आहे, 90 पीएसच्या इंजिनात व्हेरिएबल जॉमेट्रीचा. माउंटिंग वेगळी, वायरिंग वेगळं, ईसीयूमधलं, म्हणजे इंजिनाच्या संगणकातलं, सॉफ्टवेअर वेगळं. मधल्या वर्षांत काही भाग बदलले, आणि ते कोणत्या इंजिन नंबरापासून बदलले ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे. अंदाजाने आणलेला भाग बसला नाही तर तो परत घेत नाहीत, आणि बसल्यासारखा वाटून नीट बसलेला नसेल तर नुकसान गाडीमालकाचं.

नुकसान किती होऊ शकतं ते टायमिंग चेनवरून सांगतो. या इंजिनात बेल्ट नाही, चेन आहे, आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर इंजिनाच्या ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिनात ऑइल बसतं जेमतेम तीन लिटर. त्यातलं लिटरभर कमी झालं किंवा ऑइल जळून काळं, घट्ट झालं की टेन्शनर आपलं काम सोडतो. सकाळी थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने खळखळ ऐकू येते ती त्याचीच. तिकडे दुर्लक्ष झालं तर एक दिवस चेन दात सोडते आणि पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो. या इंजिनाच्या घडणीतली चांगली गोष्ट अशी की बहुतेक वेळा त्या धक्क्याने आधी व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर तुटतात आणि व्हॉल्व्ह वाचतात. वरचं कॅमचं हाउसिंग उचललं की तुटलेले रॉकर खाली पडलेले दिसतात. ते बदलले, टॅपेट तपासले, चेन, टेन्शनर, गाइड आणि गियर नवे घातले, कॅम आणि क्रँक पिना लावून लॉक करून टायमिंग बांधलं, की इंजिन पूर्ववत चालतं. अख्खं हेड बदलायची वेळ येत नाही.

पण ती चेन खात्रीची हवी. कंपनीचा नंबर बंद झाला की ती जागा रिकामी राहत नाही, डुप्लिकेट माल ती लगेच घेतो. डब्याची छपाई हुबेहूब असते. चेनच्या कडीतलं पोलाद किती कडक केलंय, गाइडचं प्लास्टिक गरम ऑइलात किती टिकेल, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. गिऱ्हाईक अस्सल मालाचे पैसे मोजायला तयार असतं, आणि आमच्या हातात अस्सल माल नसतो. काही हजार किलोमीटरांत पुन्हा तीच खळखळ आली की शिव्या मेस्त्रीला बसतात आणि नाव इंजिनाचं खराब होतं. ही चेन तुम्ही कोणी स्वतः बनवत नव्हता, पुरवठादार बनवत होते. तुम्हाला ती विकायची नसेल तर त्यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने, त्यांच्या डब्यात, खुल्या बाजारात विकू द्या. हीच माझी दुसरी मागणी.

ही मागणी मी नव्याने शोधून काढलेली नाही. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारापासून अडवून ठेवल्याबद्दल 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मल्टीजेट विकणाऱ्यांपैकी मारुती, टाटा, फियाट आणि शेव्हर्लेवाली जनरल मोटर्स त्या 14 मध्ये होत्या. कंपन्या अपिलात गेल्या, ते प्रकरण त्याच्या वाटेने गेलं. पण आयोगाने त्या आदेशात सांगितलेली एक गोष्ट प्रत्येक सुटे भाग विभागाच्या भिंतीवर लावावी अशी आहे: मूळ पुरवठादारांना त्यांचे भाग खुल्या बाजारात विकण्यापासून रोखू नका. जिथे डिझाइनचा हक्क तुमचा आहे तिथे रॉयल्टी घ्या, पण वाट अडवू नका. चालू मॉडेलबाबत जे रास्त आहे, ते बंद मॉडेलबाबत तर त्याहून जास्त रास्त आहे. जो भाग तुम्हाला विकायचाच नाही, त्यावर कुलूप ठेवून कोणाचा फायदा होतो?

सुटं न मिळणाऱ्या बारीक मालाबद्दलही बोललं पाहिजे. चार इंजेक्टरांच्या डोक्यावरून परतीचं डिझेल नेणारी एक बारीक लाइन असते. उष्णतेने तिच्या प्लास्टिकच्या जोडाची कड तुटते आणि डिझेल गळतं. व्हेरिएबल टर्बोच्या पात्या हलवणारा व्हॅक्युम अॅक्च्युएटर जातो आणि टर्बो मात्र उत्तम असतो. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून प्रदूषण कमी करणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हची सील जाते. या सगळ्यांसाठी उत्तर एकच मिळतं: असेंब्ली घ्या. आणि असेंब्ली बंद झाली की सगळंच संपतं. उलट इंजेक्टरचं पाहा. बॉशचा नाशिकचा कारखाना नोझल आणि इंजेक्टर बनवतो, आणि डिझेल पंपवाल्यांकडे नोझल, व्हॉल्व्ह सेट, वॉशर सुटे मिळतात. इंजेक्टर बेंचवर चढवायचा, परतीचं प्रमाण मोजायचं, जो आजारी असेल तेवढा खोलायचा. त्यामुळे या इंजिनाचा इंजेक्टर आजही दुरुस्त होतो. सुटा माल असला की दुरुस्ती किती शहाणपणाने आणि किती कमी खर्चात होते, याचं उदाहरण तुमच्याच इंजिनावर बसलेलं आहे. नवा इंजेक्टर घातला तर त्याच्या डोक्यावरचा कोड ईसीयूमध्ये लिहावा लागतो. ही आणि चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरची कामं स्वतंत्र गॅरेजला रीतसर, फी भरून करता आली पाहिजेत. आज त्यासाठी लोक कुठून कुठून आणलेलं सॉफ्टवेअर वापरतात, आणि एखाद्या वेळी त्यात ईसीयूच जातो.

आमच्या भागाला दुरुस्तीची कला शिकवायला नको. साताऱ्याला कूपरच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या आधीपासून डिझेल इंजिनं बनत होती. कोल्हापूरच्या फाउंड्र्या आजही वाहन कंपन्यांना ब्लॉक आणि हेडचं ओतकाम पुरवतात. उद्यमनगरात ब्लॉक घेऊन गेलो तर बोअर मोजून लायनर बसवून देतात, क्रँक ग्राइंड करतात, फुटलेल्या अॅल्युमिनियमच्या कव्हरला असं वेल्डिंग करतात की मशीन मारल्यावर सांधा सापडत नाही. पण बेअरिंगचा क्लिअरन्स किती ठेवायचा, कोणत्या रंगाची खूण कोणत्या जाडीसाठी, कोणता बोल्ट किती न्यूटन-मीटरने आणि नंतर किती अंश फिरवायचा, हे तुमच्या मॅन्युअलमध्ये आहे आणि मॅन्युअल आम्हाला उघडपणे मिळत नाही. युरोपात 2007 च्या नियमाने गाडी कंपनीला दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजनाही द्यावी लागते. तिथला मेस्त्री पैसे भरून कंपनीचीच माहिती बघतो. याच इंजिनाची तिथली भावंडं त्या जोरावर रस्त्यावर आहेत. आम्ही मात्र त्याच मापांसाठी फोटोंचे फोटो काढलेली पानं एकमेकांना पाठवतो.

माल नाही मिळाला की लोक पुण्याची नाना पेठ पालथी घालतात, मग कुर्ल्याच्या भंगार बाजारात जातात. तिथून आणलेला टर्बो किंवा हाय प्रेशर पंप आधी किती चालला होता, कोणत्या अपघाताच्या गाडीतून निघाला, काही सांगता येत नाही. ज्यांना जमतं ते पोलंड किंवा इंग्लंडहून कुरियरने मागवतात आणि भागाच्या किमतीइतका खर्च भाड्यात आणि कस्टममध्ये घालतात. रांजणगावला बनलेल्या इंजिनासाठी कराडच्या माणसाने पोलंडहून सील मागवावं, हे मला फार लागतं.

हे आपल्याकडे पहिल्यांदा घडत नाही. 1990 च्या दशकात कल्याणला प्यूजो 309 जोडली जायची. तिचं 1527 सीसीचं डिझेल इंजिन पुढे मारुतीने झेन आणि एस्टीममध्ये घातलं. कल्याणचा कारखाना बंद पडला तेव्हा ज्यांना हे नातं ठाऊक होतं त्यांनी इंजिनाचा बराचसा माल मारुतीच्या दुकानांतून मिळवला. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्या गाड्या गवतात गंजल्या. फरक फक्त माहितीचा होता. जनरल मोटर्सने 2017 मध्ये देशातली विक्री थांबवली आणि 2020 च्या डिसेंबरात तळेगावचा कारखाना बंद केला. तो कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. त्यांच्या शेव्हर्ले सेल आणि एन्जॉय गाड्या घेऊन बसलेल्या माणसांना स्विफ्टशी असलेलं आपलं नातं कोणी अधिकृतपणे सांगितलं का?

काही जण म्हणतील, जुन्या डिझेल गाड्या जाऊच द्याव्यात, धूर तरी कमी होईल. धुराची काळजी मलाही आहे, दिवसभर तो माझ्याच छातीत जातो. पण धूर काढते ती बिघडलेली गाडी. ईजीआर व्हॉल्व्ह मिळाला नाही की अनेक ठिकाणी पत्र्याची चकती ठोकून तो कायमचा बंद करतात. मी ते काम करून देत नाही, पण ते सर्रास होतं, आणि होतं ते माल नाही म्हणून. गळका इंजेक्टर, फाटलेला टर्बोचा होज, अडकलेला अॅक्च्युएटर, हे सगळं वेळेवर बदललं तर बीएस-4 गाडी जशी घडवली होती तशी चालते. दुरुस्तीची वाट बंद केल्याने गाड्या रस्त्यावरून जात नाहीत, त्या फक्त वाईट अवस्थेत चालत राहतात.

ग्राहक व्यवहार विभागाला इथे थोडं सांगायचं आहे. दुरुस्तीच्या हक्कासाठी तुम्ही 2022 मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांसोबत वाहन क्षेत्रही तुम्ही त्यात धरलं, त्याबद्दल मनापासून आभार. पण पोर्टलवर कंपनीच्या सेवा केंद्राचा पत्ता असून भागत नाही, बंद मॉडेलचा माल कुठे मिळेल ते तिथे असायला हवं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच वर्षांनी वाढते आणि त्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झालं आहे. सरकार पैसे घेऊन, तपासून सांगतं की ही गाडी अजून पाच वर्षं चालवायला योग्य आहे. मग त्या पाच वर्षांत तिला सुटा माल मिळेल याची जबाबदारी कोणावर तरी असली पाहिजे. फियाटच्या 2009 च्या पुंटो आणि लिनिया या टप्प्यातून गेल्याच आहेत. 2012 आणि 2013 मध्ये भरभरून विकल्या गेलेल्या डिझेल गाड्यांची पाळी 2027 आणि 2028 मध्ये येईल. म्हणजे मागणी ओसरत नाही, ती आता सुरू होते आहे. नोंदणी जितकी वर्षं चालू राहू शकते तितकी वर्षं इंजिनाचे भाग, किंवा ते बनवण्याचा परवाना, उपलब्ध ठेवण्याचं बंधन नियमात आकड्यानिशी लिहा.

कंपन्यांना शेवटचं सांगणं असं. एखादा नंबर बंद करणार असाल तर निदान वर्षभर आधी तारीख जाहीर करा, म्हणजे गॅरेजवाले, दुकानदार आणि ज्यांना गाडी ठेवायची आहे ते मालक आपापली मागणी नोंदवतील. शेवटची खेप किती काढायची याचा तुम्हालाही अंदाज येईल. आणि ज्या रबराचं, ज्या गाइडचं उत्पादन तुम्हाला परवडत नाही, त्याचं ड्रॉइंग उद्यमनगरसारख्या ठिकाणच्या कारखानदाराला रॉयल्टीवर द्या. सुरुवात ऑइल कूलरची सील, टायमिंगचं किट, इंजेक्टरची परतीची लाइन आणि टर्बोचा अॅक्च्युएटर एवढ्या चारांपासून करा. आमच्या भागातल्या मेस्त्रींनी मिळून कोणता भाग कोणत्या गाडीला बसतो याची मापांसकट वही ठेवली आहे. तुमचा माणूस पाठवा, ती वही आम्ही त्याच्यासमोर ठेवतो. चुकलं असेल तिथे त्याने दुरुस्त करावं आणि खाली तुमचा शिक्का मारावा.

कळावे,
आपला,
कराडमधील एक गॅरेजचालक